किल्ली कोणाची?

गेल्या हंगामाआधी आमच्या घरच्या ग्रुपवर बागेच्या करारपत्राच्या दोन पीडीएफ फिरत होत्या. एकीत आंब्याची कलमं ६२, दुसरीत २६. बाग देवगड तालुक्यात, सातबाऱ्यावर ११ नावं, त्यातले ७ जण मुंबई-ठाण्याला. खरी प्रत कुठली, यावर दोन दिवस फोनाफोनी. कोणी लबाडी केली नव्हती, टायपिंगची चूक होती. पण कोणत्या फायलीवर विसंबायचं, हे सांगायला कोणाकडेच काही नव्हतं. त्यानंतर चुलतभावाने सगळ्यांच्या लॅपटॉपवर जीपीजी नावाचा प्रोग्राम बसवला. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि फायलीवर सही करायची. "ह्यां काय नवीन काढलंस रे?" काकांनी विचारलं.

गरज तर जुनीच. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर राजमुद्रा असे आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा. मजकूर इथे संपला. खाली कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. शिक्का आणि मोर्तब ही जोडी तिथलीच. या किनाऱ्यावर तर कागदाच्या खरेपणावर गलबतं अडत. पोर्तुगीज 'कार्ताझ' म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना मागत, पुढे आंग्र्यांचं आरमार तसंच दस्तक मागू लागलं. दस्तकात लपवण्यासारखं काही नसायचं. ते कोणी दिलं एवढंच बघायचं. फक्त शिक्क्याची एक खोट होती: तो कागदावर बसतो, मजकुराला चिकटत नाही. मधल्या एखाद्या आकड्याची सफाईने खाडाखोड झाली तरी शिक्का जागच्या जागी.

गुप्त लेखनाची अडचण वेगळी होती. कुलूप लावणाऱ्याकडे आणि उघडणाऱ्याकडे एकच किल्ली, म्हणजे आधी ती किल्ली कोणीतरी सुखरूप पोचवायला हवी. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी हा पेच सोडवण्याची वाट छापून प्रसिद्ध केली. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स त्याआधीच तिथवर पोचले होते, पण जगाला ते कळलं १९९७ मध्ये. १९७७ साली एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए ही प्रत्यक्ष चालणारी पद्धत मांडली. दोन किल्ल्यांची जोडी: एक जगजाहीर, एक फक्त आपली. जाहीर किल्लीने बंद केलेलं खाजगी किल्लीनेच उघडतं.

गंमत उलट्या दिशेला आहे. सही करताना संगणक आधी अख्ख्या फायलीचा एक ठरावीक लांबीचा ठसा काढतो, त्याला हॅश म्हणतात. त्या ठशावर खाजगी किल्लीने सही होते आणि ती जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते. ६२ चे २६ केले की ठसा पार बदलतो आणि सही जुळत नाही. शिक्क्याला जे जमलं नव्हतं ते इथे जमलं. माझ्या मते सामान्य माणसाच्या कामाचा भाग हाच. गुप्ततेचा उगाच गाजावाजा होतो. आमच्या करारपत्रात कसलं आलंय गुपित!

हे गणित घरच्या संगणकावर आणलं फिल झिमरमन यांनी. अण्वस्त्रविरोधी चळवळीतला हा प्रोग्रामर. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे एक विधेयक आलं. सरकारला संभाषणांचा मूळ मजकूर मिळवता आला पाहिजे, असं त्यात सुचवलं होतं. ते संमत होईल या धास्तीने झिमरमन यांनी पीजीपी हा आपला प्रोग्राम आधीच फुकट वाटून टाकला. पहिल्या आवृत्तीतला सायफर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची रीत, त्यांनी घरीच रचला होता. त्याचं नाव 'बास-ओ-मॅटिक'. अख्खा मासा मिक्सरमध्ये फिरवण्याच्या एका टीव्ही प्रहसनावरून हे नाव घेतलेलं. (आमच्याकडे असा मासा वाया घालवणाऱ्याला कोणी जेवायला वाढलं नसतं.) तो सायफर कच्चा निघाला, १९९२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याजागी 'आयडिया' आला.

तेव्हा अमेरिकी कायद्यात असं एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करण्याचं तंत्र) शस्त्रास्त्रांच्या यादीत मोडायचं. पीजीपी देशाबाहेर गेलं म्हणून १९९३ पासून झिमरमन यांची फौजदारी चौकशी चालली. त्यावर १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने अख्खा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला. पुस्तकाच्या निर्यातीला कोण अडवणार? जानेवारी १९९६ मध्ये चौकशी गुंडाळली गेली.

आज आपण टर्मिनलवर, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर, 'जीपीजी' टाइप करतो ते मात्र जर्मनीतलं. अमेरिकेचे निर्यात-निर्बंध आणि आरएसएचं पेटंट यांमुळे तिथे मुक्त पर्याय लिहिणं अवघड होतं. युरोपातल्या लोकांनी तो लिहावा, असं मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आवाहन केलं आणि जर्मन प्रोग्रामर वेर्नर कोख यांनी मनावर घेतलं. डिसेंबर १९९७ मध्ये पहिली आवृत्ती आली, सप्टेंबर १९९९ मध्ये १.०. आरएसएचं पेटंट सप्टेंबर २००० पर्यंत होतं, म्हणून सुरुवातीला डीएसए आणि एलगमाल या दुसऱ्या पद्धती वापरल्या. दरम्यान १९९८ मध्ये ओपनपीजीपी हे खुलं मानक ठरलं. पुढे लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या कितीतरी वितरणांची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांच्या फायली, जीपीजीच्या सहीवर पडताळली जाऊ लागली, आणि हे सगळं सांभाळणारे कोख जवळजवळ एकटे, तेही तुटपुंज्या पैशात. गावच्या नळाचा पंप चालू ठेवणारा एकच माणूस असावा, तशातली गत. २०१५ मध्ये त्यावर बातमी झाली, तेव्हा कुठे देणग्या आल्या.

गणित सुटलं तरी किल्ली कोणाची, हा प्रश्न उरलाच. आमची पहिली फाइल पडताळली तर पडद्यावर एका ओळीत 'सही बरोबर' आणि लगेच खाली इशारा: ही किल्ली त्याच माणसाची आहे याचा कसलाही पुरावा नाही. काका हसले. झिमरमन यांचं उत्तर होतं ओळखीचं जाळं: मी तुझ्या किल्लीवर सही करतो, तू तिच्या. कोकणात हे वेगळं शिकवावं लागत नाही. एसटीतून उतरलेल्याला पारावरचा म्हातारा आधी "कोणाचो रे तू?" हेच विचारतो. जगभर मात्र हे जाळं फारसं विणलं गेलं नाही. २०१९ मध्ये तर काही जाणत्यांच्या किल्ल्यांवर कोणीतरी हजारो खोट्या सह्यांचा मारा केला. त्या किल्ल्या की-सर्व्हरवरून (जाहीर किल्ल्या ठेवण्याच्या संगणकावरून) उतरवल्या की जीपीजीच अडकून पडे.

भारताने दुसरा रस्ता धरला. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली, पण ओळख पटवायला परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र हवं. महाराष्ट्रात २०१८ पासून मिळणारा डिजिटल सहीचा सातबारा या पद्धतीचा. आमच्या जीपीजीच्या सहीला ते प्रमाणपत्र नाही; ती आपली घरापुरती.

गणपतीत सगळे घरी जमले तेव्हा ओटीवर किल्ल्या जुळवल्या. एकाला रजा मिळाली नव्हती, त्याची फोनवर. किल्लीची फिंगरप्रिंट, म्हणजे तिचा ठसा: ४० अक्षरं, चाराचाराचे १० गट. रेंज जेमतेम, वर पाऊस.

"बी की डी?"

"बी, बांगड्यातलो."

"मगे?"

"डी. देवगडातलो."

चाळीसही जुळली. काका आपला पासफ्रेज, म्हणजे खाजगी किल्लीचा लांब पासवर्ड, विसरणार हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांच्या किल्लीचं रद्दपत्र त्याच दिवशी छापून स्टँपपेपरांच्या ट्रंकेत ठेवलं.