महाराष्ट्र विधानसभा निवडणूक (१९९५) आणि युती सरकार

महाराष्ट्राच्या नवव्या विधानसभेसाठी १२ फेब्रुवारी आणि ९ मार्च १९९५ रोजी दोन टप्प्यांत मतदान झाले. निकालानंतर शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांच्या युतीचे सरकार सत्तेवर आले. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारला बिगरकाँग्रेसी म्हणायचे तर म्हणता येते, पण त्याचे नेतृत्व काँग्रेसमधून फुटून निघालेल्या शरद पवारांकडे होते. कधीच काँग्रेसमध्ये नसलेला मुख्यमंत्री राज्याने प्रथम पाहिला तो १९९५ मध्ये. ‘युती’ हा एरवीचा साधा शब्द. पण मराठी वर्तमानपत्रांत तो याच काळात जवळपास विशेषनाम होऊन बसला, आणि पुढे १९९९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी एकत्र आले तेव्हा त्यांच्या वाट्याला ‘आघाडी’ आली. दोन्हींचा अर्थ एकच, मात्र ‘युतीचा आमदार’ म्हटले की कोणता, हे कुणाला विचारावे लागत नसे.

निवडणुकीआधीची दोन-अडीच वर्षे राज्याने फार सोसले होते. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. केंद्रात संरक्षणमंत्री असलेले शरद पवार सुधाकरराव नाईकांच्या जागी ६ मार्च १९९३ रोजी मुख्यमंत्री झाले आणि सहाच दिवसांत शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जानेवारी १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडण्याचा, वर्षानुवर्षे रखडलेला निर्णय पवारांनी अमलात आणला. शिवसेनेचा त्याला उघड विरोध होता आणि मराठवाड्यात तिने त्याचे राजकारणही केले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. त्यात बायका-मुलेच जास्त होती. विदर्भात काँग्रेसला हे भोवले.

विरोधकांची तोफ म्हणजे गोपीनाथ मुंडे. संघर्षयात्रा काढून त्यांनी राज्य पिंजून काढले. गुन्हेगारीचे राजकारण, भूखंड आणि एन्रॉन (या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प) या तीन विषयांभोवती त्यांनी सगळा रोख थेट पवारांवर ठेवला. दाभोळचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, हे त्यांचे वाक्य गावोगावच्या सभांत टाळ्या घेत होते. मुंबई महापालिकेतले अधिकारी गो. रा. खैरनार यांनी पवारांविरुद्ध ट्रकभर पुरावे असल्याचे सांगितले होते. तो ट्रक कधी आला नाही, पण मतदारांच्या मनात तो येऊन थांबलेला होता. टी. एन. शेषन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते, त्यामुळे भिंती रंगवण्यापासून खर्चापर्यंत उमेदवार वचकून होते. मतदान सुमारे ७२ टक्के झाले. राज्यात विधानसभेला त्यानंतर एवढे मतदान झालेले नाही.

शिवसेनेने १६९ आणि भाजपने ११६ जागा लढवल्या. निकाल असा लागला: काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५, जनता दल ११, शेकाप ६, माकप आणि समाजवादी पक्ष प्रत्येकी ३, किरकोळ पक्ष २ आणि अपक्ष ४५. काँग्रेस १४१ वरून ८० वर घसरली. माझगावात छगन भुजबळांना शिवसेनेच्या बाळा नांदगावकरांनी पाडले. सेना सोडून गेलेल्या नेत्याचा हा पराभव शिवसैनिकांनी सत्तेइतकाच साजरा केला.

लाट म्हणावी तर आकडे वेगळेच सांगतात. काँग्रेसला ३१ टक्के मते पडली, तर सेना-भाजपला मिळून सुमारे २९. म्हणजे हरलेल्याला जिंकणाऱ्यांपेक्षा जास्त मते होती. गोम अपक्षांत होती. त्यांनी एकूण २३ टक्क्यांहून अधिक मते नेली. या अपक्षांत तिकीट नाकारलेले काँग्रेसवाले मोठ्या संख्येने होते. मागे साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था असली की पक्षाच्या चिन्हावाचूनही निवडून येता येते, हे त्यांना ठाऊक होते. हे बंडखोर पवारांनीच उभे केल्याची चर्चा तेव्हा भरपूर झाली. ती खरी धरली, तर डाव अंगाशी आला असेच म्हणावे लागेल.

युतीची बेरीज १३८ होत होती. २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात, म्हणजे सात कमी. एरवी काँग्रेसमध्ये परतले असते असे अपक्ष आता मुंबईत ‘मातोश्री’च्या वाटेला लागले. पक्षांतरबंदी कायद्यातली एक तरतूद इथे महत्त्वाची ठरते. अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर कोणत्याही पक्षात शिरला तर त्याची आमदारकी जाते, पण पक्षात न शिरता सरकारला पाठिंबा द्यायला आणि मंत्री व्हायला त्याला आडकाठी नाही. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठे नसावे ही घटनादुरुस्ती २००३ सालची, तेव्हा १९९५ मध्ये खुर्च्यांना तोटा नव्हता. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील आणि काटोलचे अनिल देशमुख हे असेच अपक्ष निवडून आलेले मंत्री. पाटील पुढच्या दोन निवडणुकाही अपक्ष जिंकले आणि आघाडीच्या सरकारांतही मंत्री राहिले, यावरून या जातकुळीची चिवटाई कळावी.

ज्याच्या जागा जास्त त्याचा मुख्यमंत्री, असे युतीत ठरलेले होते. शिवसेनेत सुधीर जोशी आणि मनोहर जोशी या दोन नावांची चर्चा होती. बाळासाहेब ठाकरे यांनी मनोहर जोशींना निवडले. रायगड जिल्ह्यातल्या नांदवीहून आलेले, ‘कोहिनूर’ क्लासेस काढणारे, मुंबईचे महापौर राहिलेले हे गृहस्थ सगळ्यांसाठी ‘सर’ होते. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी १४ मार्च १९९५ रोजी शपथ दिली ती राजभवनात नव्हे, शिवाजी पार्कवर. ज्या मैदानात दर दसऱ्याला साहेबांचे भाषण ऐकायचे, तिथेच त्यांचा माणूस मुख्यमंत्री होताना पाहायला गर्दी लोटली होती. मुंडे उपमुख्यमंत्री झाले आणि गृहखाते त्यांच्याकडे गेले. विधानसभेचे अध्यक्षपद दत्ताजी नलावडे यांना मिळाले.

सरकारचा ‘रिमोट कंट्रोल’ आपल्या हातात आहे, हे ठाकरे लपवत नव्हते. स्वतः कोणतेही पद न घेता सरकार चालवण्याच्या या पद्धतीला विरोधकांनी घटनाबाह्य सत्ताकेंद्र म्हटले. लोकांनी मात्र तो टीव्हीचा शब्द बोलण्यात घेतला, इतका की घरोघरी कुणाचा रिमोट कुणाकडे याची थट्टा होऊ लागली.

कारभाराचा ठळक ठसा राहिला तो दोन टोकांवर. एका टोकाला एक रुपयात झुणका-भाकर. नाक्यानाक्यावर आणि एसटी स्थानकांजवळ केंद्रे उभी राहिली. एक रुपयात भाकरी परवडेना, तेव्हा त्याच टपऱ्यांत वडापाव आणि चहा विकला जाऊ लागला. झुणका फलकावर तेवढा उरला. मोक्याच्या जागा कार्यकर्त्यांना मिळाल्या, हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. दुसऱ्या टोकाला नितीन गडकरींच्या बांधकाम खात्याने हाती घेतलेले मुंबईतले उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. त्यासाठी १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. कृष्णेचे पाणी अडवण्यासाठी रोखे विकून पैसा उभारणारे कृष्णा खोरे विकास महामंडळही त्याच वर्षीचे. ‘बॉम्बे’ अधिकृतपणे मुंबई झाली. ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याच्या घोषणेतून झोपडपट्टी पुनर्वसन योजना निघाली. घरे त्या प्रमाणात झाली नाहीत, पण मुंबईतल्या बिल्डरांना नवा धंदा सापडला.

एन्रॉन ऑगस्ट १९९५ मध्ये रद्द झाला आणि काही महिन्यांच्या फेरवाटाघाटींनंतर, जानेवारी १९९६ मध्ये, समुद्रातून वर आला. दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग सरकारने त्याच महिन्यात गुंडाळला. मे १९९६ मध्ये तो पुन्हा नेमावा लागला, तोही बॉम्बस्फोटांचा विषय जोडून. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन दहा जण मेले. अण्णा हजारेंच्या आरोपांनंतर शशिकांत सुतार आणि महादेव शिवणकर या मंत्र्यांना जावे लागले. सरकारनेच सुरू केलेला महाराष्ट्रभूषण पुरस्कार पहिल्यांदा पु. ल. देशपांडे यांना दिला गेला, त्यांनी त्याच सोहळ्यात राज्यकर्त्यांना चार शब्द सुनावले, आणि ठाकरे त्यांच्यावर जाहीरपणे घसरले.

१९९८ च्या लोकसभेत काँग्रेसने रिपब्लिकन गटांशी जुळवून घेतले आणि युती ४८ पैकी दहा जागांवर आली. अखेर ‘मातोश्री’वरून निरोप आला आणि जोशींनी राजीनामा दिला. १ फेब्रुवारी १९९९ रोजी नारायण राणे मुख्यमंत्री झाले. लोकसभेबरोबरच निवडणूक उरकावी म्हणून विधानसभा मुदतीआधीच विसर्जित केली गेली. पवारांनी नुकताच राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष काढलेला, तेव्हा मतविभागणीचा फायदा आपल्यालाच, असा युतीचा हिशेब होता. सेनेच्या ६९ आणि भाजपच्या ५६ जागा आल्या, म्हणजे १२५. मुख्यमंत्री कुणाचा यावर दोघांचे अडले, तोवर एकमेकांविरुद्ध लढलेले काँग्रेस (७५) आणि राष्ट्रवादी (५८) एकत्र बसले आणि १८ ऑक्टोबर १९९९ रोजी विलासराव देशमुखांनी शपथ घेतली. युतीला या वेळी वीस आमदार कमी पडत होते. सभागृहात अपक्ष होते बारा.