सुपरचार्जर, पिस्टन आणि अर्ध्या मिलिमीटरची फट

आपल्याकडे ट्रक म्हटलं की दहा चाकांची डिझेल गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत ट्रक म्हणजे बहुतेकदा पिकअप, आणि तोही पेट्रोलवर चालणारा. १९९९ ते २००७ दरम्यानच्या शेवरले पिकअपमधलं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, एलएम७, तिथल्या हौशी मंडळींचं लाडकं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, बोअर (सिलिंडरचा व्यास) ९६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९२ मिमी, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.५ ला १. त्यावर सुपरचार्जर चढवायचा ठरला की गाडी पिस्टनपाशी अडते.

सुपरचार्जर म्हणजे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. त्याने ८ पीएसआय (चौरस इंचावर ८ पौंड) दाब दिला, तर समुद्रसपाटीला इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दीडपटीहून थोडा जास्त होतो. पण दाबलेली हवा तापते. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर २७ अंशांची हवा बाहेर पडताना ९० अंशांच्या आसपास पोचते. ही हवा गार करणारा इंटरकूलर ही म्हणूनच चैन नव्हे.

कंपनीचे पिस्टन ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे, त्यात सिलिकॉन भरपूर. सिलिकॉनमुळे धातू कठीण होतो आणि तापल्यावर कमी फुगतो. त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी ठेवता येते, इंजिन शांत चालतं. मात्र हा धातू ठिसूळ असतो. नॉकिंगचे, म्हणजे मिश्रण अवेळी भडकण्याचे, दणके बसू लागले की पिस्टनभोवतीच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पट्टी तुटते. पिस्टनचा माथा शाबूत दिसतो आणि कॉम्प्रेशन मात्र गेलेलं असतं.

म्हणून फोर्ज केलेले, म्हणजे दाबून घडवलेले, पिस्टन. त्यात मुख्य मिश्रधातू दोन. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन. २६१८ मध्ये जवळजवळ नाहीच. २६१८ लवचिक, दणका बसला तर फुटण्याआधी वाकतो, पण फुगतो जास्त. त्याला सिलिंडरच्या भिंतीपासून साधारण ०.०९ ते ०.११ मिमी फट लागते, ४०३२ ला ०.०६५ ते ०.०७५. थंड इंजिन सुरू केल्यावर २६१८ खडखडतो तो यामुळेच. शिवाय रिंगांच्या खाचाही लवकर झिजतात. रोज कामाला जाणाऱ्या, आठ पीएसआयवर चालणाऱ्या पिकअपला ४०३२ पुरेसा आहे. पंधरा पीएसआयचा बेत असेल, तर खडखड सोसून २६१८ घ्यावा. उगाच 'रेसिंगचा' म्हणून तो घेणं म्हणजे भाजी आणायला बुलडोझर काढणं.

ट्रकचं दुखणं वेगळं आहे. ड्रॅग रेसची गाडी दहा-बारा सेकंद पूर्ण दाबावर असते. मागे ट्रेलर लावून घाट चढणारा पिकअप तोच दाब दहा मिनिटं सोसतो. म्हणून पिस्टनचा माथा जाड हवा, आणि पहिली रिंग माथ्यापासून थोडी खाली.

कॉम्प्रेशन कमी करायला काही जण हेडखाली, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखाली, जाड गॅस्केट टाकतात. ते टाळा. पिस्टनची सपाट कड हेडपासून सुमारे १ मिमीवर येते तेव्हा कडेचं मिश्रण पिळून मध्याकडे फेकलं जातं आणि लवकर जळतं. जाड गॅस्केटने ही पिळवणूक संपते आणि नॉकिंगला उलट आमंत्रण मिळतं. त्याऐवजी पिस्टनच्या माथ्यावरची वाटी खोल घ्यावी. एका सिलिंडरचं घनफळ ६६६ घन सेमी. ९.५ च्या कॉम्प्रेशनला वर ७८.४ घन सेमी जागा उरते. ९ ला ८३.३ लागते. म्हणजे मूळच्यापेक्षा सुमारे ५ घन सेमी जास्त खोल वाटी मागवायची.

आता शीर्षकातली फट: रिंगच्या दोन टोकांमधली. तापलेली रिंग लांब होते. समजा ती भिंतीपेक्षा १५० अंशांनी जास्त तापली. ९६ मिमी व्यासाचा परीघ सुमारे ३०२ मिमी, त्यावर वाढ होते ०.५४ मिमी. साध्या इंजिनासारखी ०.४३ मिमी फट ठेवली असेल, तर रिंगची दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि माथ्याचा तुकडा उपटून काढते. मग दोष पिस्टनला दिला जातो! सुपरचार्जरसाठी १०० मिमी बोअरला ०.६ मिमी हा हिशेब धरा: इथे ०.५८. दुसऱ्या रिंगला ०.०५ मिमी जास्त, म्हणजे मध्ये अडकलेला दाब खाली निघून जातो आणि पहिली रिंग उचलली जात नाही.

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग, म्हणजे सिलिंडर कोरून मोठा करणं, करू नका. मायक्रोमीटर पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या भिंतीवर), गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या खिळीच्या) काटकोनात, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवरच लावायचा. बोअर आणि होनिंग (भिंत बारीक घासणं) करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट, म्हणजे हेडऐवजी लावायची जाड प्लेट, आवळलेली हवी, कारण हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकडा होतो. रिंग बोअरमध्ये उलट्या पिस्टनने ढकलून सरळ बसवा, सुमारे २५ मिमी खोल, आणि फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) फट मोजा. फट कमी असेल तर कानस एकाच टोकाला, बाहेरून आत. उलटं केलं तर बाहेरच्या कडेला धातूची बोचरी धार राहते आणि ती सिलिंडर ओरखडते. घासलेली रिंग त्याच सिलिंडरची. पाकिटावर नंबर टाकून ठेवा.

नव्या पिस्टनचं वजन जुन्यापेक्षा वेगळं असतं, त्यामुळे क्रँक पुन्हा बॅलन्स करावा लागतो. गजन पिनही तपासा: बऱ्याच जुन्या रॉडमध्ये ती दाबून बसवलेली असते, नव्या पिस्टनसोबत बहुधा मोकळी फिरणारी येते. तसा जुना रॉड वापरायचा तर त्यात बुश (धातूची आतली नळी) बसवावा लागेल, आणि तो खर्च पिस्टनच्या किमतीत धरलेला नसतो.