जन्मसालाचा पेपर आणि रद्दीचा काटा

एकसष्टीला शाल-श्रीफळ, पंचाहत्तरीला चांदीची वस्तू, सहस्रचंद्रदर्शनाला गूळतुला. कोल्हापुरात मानाच्या माणसाला काय द्यायचं, हे ठरलेलं असतं. त्यात हल्ली अधूनमधून एक वेगळी भेट दिसू लागली आहे: माणूस ज्या साली जन्मला किंवा बोहल्यावर चढला, त्या सालचा अस्सल छापील पेपर, काचेच्या फ्रेममध्ये. झेरॉक्स किंवा नव्यानं छापलेली नक्कल नव्हे, त्या दिवशी छापखान्यातून बाहेर पडलेला अंक.

ही हौस आली पाश्चात्त्य देशांतून, आणि तिकडच्या ग्रंथालयांच्या एका अडचणीतून. मोठी ग्रंथालयं रोजचे अंक महिन्या-महिन्याच्या जाड फायलींत बांधून ठेवत. या फायली जागा खात आणि कागद पिवळा पडून तुटत असे. १९३० च्या दशकात मायक्रोफिल्म आली आणि पुढच्या काही दशकांत अनेकांनी फायलींचे फोटो काढून मूळ अंक मोडीत काढले. ते व्यापाऱ्यांनी उचलले, फायलीची शिवण उसवली आणि एकेक तारीख सुटी करून ‘तुमच्या जन्मदिवसाचा पेपर’ म्हणून विकली. १९९९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं आपल्याकडचे अमेरिकी पेपर विकायला काढले, तेव्हा निकोल्सन बेकर या अमेरिकी लेखकानं पदरचे पैसे घालून त्यातल्या हजारो फायली विकत घेतल्या. त्या फुटून सुट्या विकल्या जाऊ नयेत, एवढ्यासाठीच. २००४ मध्ये तो संग्रह अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाकडे गेला. म्हणजे भेटवस्तूंचा हा धंदा उभा राहिला तोच मुळात फायली फोडून.

कागद का तुटतो, याचं उत्तर १८४० च्या दशकात सापडतं. त्याआधी कागद चिंध्यांच्या लगद्याचा होई. १८४४ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिश केलर यानं लाकूड घासून लगदा करण्याची रीत काढली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत वर्तमानपत्रांचा कागद स्वस्त झाला. पण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य त्या लगद्यात तसंच राहतं. ऊन आणि हवा लागली की ते तांबूस पडतं, त्यात आम्ल तयार होतं आणि कागद कुरकुरीत होतो. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं, तेव्हा लाकडी लगदा नव्हताच. त्यामुळे त्या काळचा नीट जपलेला अंक १९५२ च्या अंकापेक्षा धडधाकट निघाला तर नवल नको.

आपल्याकडे तर फायली मोडीत काढण्याचा प्रश्नच फारसा आला नाही, कारण पेपर फायलीपर्यंत पोचतच नव्हता. महिनाअखेरीला रद्दीवाला काटा घेऊन दारात, आणि तिथून भडंगाच्या पुड्या, भज्यांचे द्रोण, फडताळातल्या फळ्या. अन्नपदार्थ छापील कागदात बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये बजावलं. तोवर कित्येक वर्षांचा इतिहास असाच तेलकट होऊन गेला होता. जे वाचलं ते अपघातानं: ट्रंकेच्या तळाला अंथरलेलं, देवघरातल्या तसबिरीच्या पाठीला चिकटवलेलं, माळ्यावरच्या पितळी भांड्यांत कोंबलेलं. त्यातही कोल्हापूरला पंचगंगा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या पेठांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं आणि घराघरांत जपलेल्या कागदांचा चिखल झाला.

म्हणून इथं अस्सल अंक मिळणं तिकडच्यापेक्षा अवघड आहे. किंमत सांगणाऱ्याकडे संशयानं बघावं, ते यासाठीच.

खरं तर वर्तमानपत्रांच्या इतिहासात कोल्हापूरचा वाटा जुना आहे, आणि तो सुरू होतो थेट कोठडीपासून. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ सुरू झाला. चौथे शिवाजी महाराज कोल्हापूरच्या गादीवर असताना कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिलं. पुराव्यादाखल छापलेली पत्रं बनावट निघाली. १८८२ च्या जुलैत टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पुढं १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ पाक्षिक निघालं, त्याला राजर्षी शाहूंनी अडीच हजार रुपये दिले होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. या दोन्ही प्रकरणांचे मूळ अंक आज कुणाच्या हाती लागले, तर ते वाढदिवसाला वाटण्याची वस्तू नव्हे. सरळ ग्रंथालयात जावं.

रोजचा पेपर मात्र बराच उशिरा आला. ‘सकाळ’ पुण्यात १९३२ मध्ये निघाला, ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ कोल्हापुरात १९३० च्या दशकाच्या अखेरीस दैनिक झाला. त्याआधीची बरीचशी मराठी पत्रं साप्ताहिकं, नाहीतर पाक्षिकं. १९२५ मध्ये जन्मलेल्या आजोबांसाठी कोल्हापूरचा ‘त्याच तारखेचा’ दैनिक अंक कुणी विकायला आणला, तर पाकीट खिशातच ठेवा.

अंक खरा की नक्कल, हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. माझ्याकडे १९६३ चा एक अंक आहे. किंमतीपुढं ‘नवे पैसे’ छापलंय. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द गळाला, त्यामुळे एवढ्या दोन अक्षरांवरून काळ पकडता येतो. त्याआधीच्या अंकांवर आणे असतात. पान उलटं करून बोट फिरवलं, की छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा दाब मागच्या बाजूला हाताला लागतो. ऑफसेटवर छापलेल्या नकलेत पाठ गुळगुळीत असते. आणि पिवळेपणा कडांना गडद, आत फिका हवा. सगळीकडे सारखा चहाचा रंग दिसला, तर कुणीतरी खरोखरच चहा वापरलाय. डाव्या कडेला सुईची भोकं असली, तर तो अंक कुठल्यातरी फायलीतून सुटलाय, आणि कुठल्या हे विचारायला लाजू नये.

माझ्या त्या अंकाला चारच पानं आहेत. हा कंजूषपणा नव्हे. वर्तमानपत्री कागद त्या काळी मुख्यतः परदेशातून यायचा. नेपानगरच्या कारखान्यात १९५५ पासून देशी उत्पादन सुरू झालं खरं, पण ते पुरत नव्हतं. १९६२ मध्ये सरकारनं कागदाचं नियंत्रण लावलं. पुढं पानांवर दहाची मर्यादा आली, ती सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये उडवली. मागच्या पानावर गुळाचे भाव आहेत, सिनेमांच्या जाहिराती आहेत आणि एका म्हशीच्या हरवल्याची दोन ओळींची खबर आहे. सत्काराच्या दिवशी लोक अग्रलेख नाही वाचत, असलं काहीतरी वाचतात.

देणाऱ्यानं दोन गोष्टी पाहाव्यात. फ्रेम करायची तर कागद काचेला टेकू देऊ नका, मागं आम्लरहित पुठ्ठा घाला आणि उन्हाची भिंत टाळा. नाहीतर अंक ट्रंकेत होता तेव्हाच बरा होता, असं म्हणायची पाळी येईल. शिवाय फायलीतला अंक फोडण्यापेक्षा त्याच पानाची चांगली स्कॅन प्रत छापून द्यावी, असं माझं मत. पंचाहत्तरीच्या आजोबांना चष्म्यातून अक्षरं दिसली म्हणजे झालं. अस्सल अंकाची हौस बहुधा देणाऱ्यालाच जास्त असते.

आणि तारीख नीट बघा. सकाळी येणारा पेपर आदल्या दिवसाच्या बातम्या देतो, म्हणजे जन्मदिवसाची हकिगत दुसऱ्या दिवशीच्या अंकात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्या धक्क्यात जन्मलेल्या माणसाला ११ चा अंक दिला तर त्यात भूकंपाचा पत्ताच नसेल, १२ चा शोधावा लागेल. हाच नियम लग्नांना. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा लक्ष्मीपूजनाला जन्मलेल्यांची मात्र पंचाईत आहे: त्या दिवशी पेपरवाल्यांना सुट्टी, दुसऱ्या दिवशी बहुतेक मराठी दैनिकांचा अंकच नाही. त्यांना १७ ऑगस्ट किंवा २८ जानेवारीवर भागवावं लागतं.