पुण्यातल्या शाळा, हेडबाई आणि 'सगळ्यांची शाळा': याच्या मागचं जुनं प्रकरण

2020 चं नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून मुख्याध्यापकांच्या ट्रेनिंगमध्ये 'समावेशन' (सगळ्या तऱ्हेच्या पोरांना एकत्र शिकवणं) हा विषय असतोच, पीपीटी असते, चहा-बिस्किटं असतात आणि बोलणं असं चालतं की जणू हे आत्ता आत्ता उपटलंय, हिंजवडीत आयटी आलं, चाकणला कंपन्या आल्या, एका वर्गात चार धर्मांची नि सहा भाषांची पोरं बसायला लागली म्हणून. पुण्यात तरी हा वाद पावणेदोनशे वर्षं जुना आहे. आणि दरवेळी कायदा फार तर दार उघडून देतो, आत कोण कुठं बसणार, काय खाणार, प्रार्थना कुठली म्हणणार हे शाळा चालवणाऱ्याच्याच गळ्यात येतं.

1848 ला भिडे वाड्यातली मुलींची शाळा सगळ्यांना माहितीये. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, घराबाहेर पडावं लागलं तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिला, म्हणजे या कामाला सुरुवातीपासूनच दुसऱ्या धर्माच्या माणसांचा हात लागलेला आहे. 1856 मध्ये सावित्रीबाई आजारपणात माहेरी होत्या, तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या फातिमा शेख यांचा विषय निघतो, मी नाही तर तिच्यावर ताण पडत असेल पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचं. शाळेचा स्टाफ कसा चालायचा हे त्या एका ओळीत दिसतं.

फुल्यांनी महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या, पण त्या वेगळ्या होत्या हे विसरायला नको. एका बाकावर बसवणं ही फार पुढची गोष्ट. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात धारवाडला 1856 मध्ये एका महार मुलाला सरकारी शाळेत घेतलंच नाही, प्रकरण पार लंडनपर्यंत गेलं, शाळा सगळ्यांना खुल्या असं कागदावर आलं आणि पोरं मात्र पुढची कित्येक वर्षं व्हरांड्यात. तरी फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 ला 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, त्यात ती सरळ देवालाच विचारते की वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता ते सांग. शाळकरी मुलगी हे लिहिते आणि शिक्षक ते दाबत नाहीत, मला तरी याचं जास्त कौतुक वाटतं.

धर्माचा खरा भडका उडाला तो शारदा सदनात. पंडिता रमाबाईंनी 1889 ला मुंबईत सुरू केलेलं हे सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आलं, विधवा मुलींसाठी, आणि धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती नाही असा शब्द दिलेला. रमाबाई स्वतः ख्रिश्चन. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं ठेवायच्या, काही मुली येऊन बसायला लागल्या. मग 'केसरी' तुटून पडला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि 1893 ला रानडे-भांडारकरांसारखे पाठीशी असलेले लोकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आता बोला, उघडं दार ही सक्ती आहे की नाही? रमाबाईंचं म्हणणं, मी माझ्या घरात लपून का प्रार्थना करू, आणि पालकांचं म्हणणं, मुली तुमच्या जिवावर राहतात, त्यांना नाही म्हणता येतं का. दोन्हीत तथ्य आहे असं माझं मत. (याच सदनातल्या गोदूबाईंशी 1893 मध्येच धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं आणि 1896 ला विधवांसाठी स्वतःची संस्था काढली, ती पुढे हिंगण्याला गेली.)

कॅम्पात वेगळंच जग, 1864 ची बिशप्स, 1867 ची सेंट व्हिन्सेंट्स, मग पारशांची दस्तूर, सगळी मिशनरी नाहीतर त्या त्या समाजाची.

संविधानाने रमाबाईंच्या भांडणाला एक उत्तर दिलं. कलम 28 प्रमाणे पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत असलं तर अल्पवयीन मुलाच्या पालकाची संमती लागते. कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा हक्क दिला. पुढे आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा आला, खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी 25 टक्के जागा, पण 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा त्यातून बाहेर. महाराष्ट्राने 2024 मध्ये सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट असा नियम काढला, तो हायकोर्टाने त्याच वर्षी रद्द केला. म्हणजे लॉटरीत नंबर लागून पोरगं आत येतं खरं, पण पिकनिकची फी, गॅदरिंगचा ड्रेस, ईदच्या दुसऱ्या दिवशी लावलेली युनिट टेस्ट, यातलं काहीच कायद्यात नाही.

आणि डबा. सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं, त्यावर लगेच विरोध सुरू झाला, जानेवारी 2025 मध्ये अंड्याचे पैसे बंद करून लोकसहभागातून द्यायचं तर द्या म्हणून सांगितलं. आता वर्गणी कुणाकडे मागायची, आणि एका पंगतीत अंडं नि केळं शेजारी शेजारी वाढायचं की दोन रांगा करायच्या, हे हेडबाईंनीच बघायचं.