हिमोग्लोबिन चांगलं, तरी लोह कमी: या गोंधळाची पार्श्वभूमी

एका स्त्रीच्या रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिन १२.४. आकड्यापुढे ‘कमी’ची कसलीही खूण नाही, म्हणजे ‘रक्त चांगलं आहे’. थकवा, धाप, केस गळणं मग कामाच्या ताणावर ढकललं जातं. लोहाचा साठा बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. ही सवय जुनी आहे.

१५५४ साली योहान्नेस लांगे या जर्मन वैद्याने फिकट पडलेल्या, धापा टाकणाऱ्या मुलींच्या आजाराला ‘कुमारिकांचा रोग’ म्हटलं आणि उपाय सांगितला लग्नाचा! पुढच्या शतकात टॉमस सिडनहॅम यांनी लोखंडाचा कीस वाइनमध्ये भिजवून द्यायला सुरुवात केली, तर १८३२ मध्ये फ्रान्समध्ये ब्लो यांच्या लोहाच्या गोळ्या आल्या. थोडक्यात, औषध आधी आलं, तपासणी मागाहून.

ती आली रंगावरून. गॉवर्स यांचं हिमोग्लोबिन मोजायचं उपकरण १८७८ चं. पुढे हर्मान साली या स्विस डॉक्टरांची पद्धत रूढ झाली. नळीतल्या आम्लात बोटातलं रक्त सोडायचं, ते तपकिरी झालं की थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. जुळलं की नाही, हे बघणाऱ्याच्या डोळ्यांवर. स्वस्त आणि सोपी असल्यामुळे ती जगभर पसरली आणि ‘रक्त कमी’ म्हणजे ‘हिमोग्लोबिन कमी’ हे समीकरण पक्कं झालं.

गडबड इथेच आहे. शरीर आधी कोठारातलं लोह वापरतं आणि हिमोग्लोबिन सांभाळत राहतं. ते घसरतं तेव्हा कोठार रिकामं होऊन बराच काळ लोटलेला असतो. कोठारात डोकावायचं तर हाडात सुई घालून मगज काढायचा आणि पर्ल्स यांच्या १८६७ च्या निळ्या रंगाने तो रंगवून त्यातलं लोह बघायचं. नुसत्या थकव्यासाठी हे कोण करणार?

१९३७ मध्ये लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून लोह साठवणारं प्रथिन वेगळं काढलं, तेच फेरिटिन. त्याचा अगदी थोडा अंश रक्तातही फिरतो. तो मोजण्याची किरणोत्सारी प्रतिपिंडांची पद्धत कार्डिफच्या संशोधकांनी १९७२ मध्ये मांडली आणि साधं रक्त घेऊन साठा कळू लागला. निरोगी माणसात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम फेरिटिन म्हणजे साठ्यात साधारण ८ ते १० मिलिग्रॅम लोह. मात्र अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर फेरिटिन फुगतं आणि फसवतं.

फेरिटिन किती खाली गेलं की साठा कमी म्हणायचा, या सीमारेषेचा वाद अजून मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम धरते, दाह असेल तर ७०. बरेच डॉक्टर ३० वर थांबतात. प्रयोगशाळांची ‘नॉर्मल’ मर्यादा तर बहुतेकदा वरवर निरोगी दिसणाऱ्या लोकांच्या आकड्यांवरून काढलेली असते. पाळीत दर महिन्याला लोह गमावणाऱ्या, साठा आटलेल्या कितीतरी स्त्रिया त्यातच मोजल्या जातात आणि खालची रेघ आणखी खाली सरकते. म्हणून फेरिटिन १४ आलं, तर पुरुषाच्या अहवालात त्यापुढे खूण असते आणि स्त्रीच्या अहवालात पुष्कळदा काहीच नसतं.