वुड चिपर

छाटणीतून निघालेल्या फांद्यांच्या लहान ढलप्या पाडणाऱ्या यंत्राला वुड चिपर म्हणतात. छाटलेल्या फांद्या टेम्पोभर दिसल्या तरी त्यांत पोकळीच अधिक असते. त्यामुळे ढलप्या पाडल्यावर ढीग कित्येक पटींनी आटतो आणि त्याची सोय आवारातच लावता येते. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी बागेचा कचरा वेगळा साठवण्याची जबाबदारी आवाराच्या मालकावर टाकली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली. पाला पेटवून मोकळे होण्याची घातक सवय सोडायची तर हे यंत्र फार उपयोगी पडते.

अडकित्त्यात सुपारी कातरली जाते, तशी यात वेगाने फिरणाऱ्या जड चक्रावरील पाती आणि समोरची स्थिर पट्टी यांच्यामध्ये सापडून फांदी कातरली जाते. ढलपी चपटी व स्वच्छ कडांची निघाली तर पात्याला धार आहे असे समजावे. तंतू लोंबू लागले, भुगा वाढला किंवा यंत्र थरथरू लागले की धार लावण्याची वेळ झाली. धार सर्वांत लवकर जाते ती मातीमुळे, म्हणून मुळे व जमिनीवरून फरफटत आणलेल्या फांद्या झटकूनच घालाव्यात. शहरातल्या झाडांबाबत आणखी एक दक्षता हवी: फलकांसाठी ठोकलेले खिळे आणि रोषणाईच्या तारा काही वर्षांत सालीखाली गडप होतात, आणि असा एक खिळादेखील पात्याचा टवका उडवतो.

फांदी बुडख्याकडून घालावी, म्हणजे डहाळ्या मिटत आत जातात. बेचके आधी कोयत्याने तोडून घ्यावे. ओला पाला नळीत चिकटून बसतो, म्हणून अधूनमधून सुकी काठी घालावी. नारळाच्या झावळ्यांचे तंतू आसाला गुंडाळले जातात. त्यांना हातोड्यांनी कुटणारा श्रेडर अधिक मानवतो. तोंडाशी अडकलेला तुकडा हाताने कधीही रेटू नये. पदर, ओढणी, सैल बाह्या दूर ठेवाव्यात, डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षण असावे, आणि यंत्र बंद केल्यावरही चक्र पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नये, कारण जड चक्र आपल्याच जोराने बराच वेळ फिरत राहते.

ढलप्यांचा उत्तम उपयोग आच्छादन म्हणून होतो. 5 ते 10 सेंटिमीटरचा थर ओल टिकवतो व तण दाबतो. मात्र बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल कुजते. ताज्या ढलप्या मातीत मिसळणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण लाकडात कार्बन पुष्कळ व नत्र अत्यल्प असल्याने ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. खत करायचे असल्यास ढलप्यांत शेण किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळावा आणि ढीग ओलसर ठेवून मधूनमधून उलटावा.