हेब्रिडीज बेटांचा ध्वनी-वारसा

हेब्रिडीज ही स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळची बेटं. लुइस, हॅरिस, साउथ उइस्ट, बारा, स्काय वगैरे. इथल्या गेलिक भाषा बोलणाऱ्या लोकांच्या गाण्या-गोष्टी, वंशावळी, कामाच्या रीती बऱ्याचशा तोंडी चालत आल्या, म्हणून इथला इतिहास वाचायच्या आधी ऐकावा हेच बरं, आणि ऐकायला भरपूर आहे.

सगळ्यात जास्त रमावं अशी गोष्ट म्हणजे कापड ठोकायची गाणी. हातमागावर विणलेलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून बायका ते शिळ्या मुतात भिजवायच्या (हो, त्यातल्या अमोनियामुळे लोकरीचा तेलकटपणा जायचा), मग लांब फळीभोवती समोरासमोर बसून ते ओलं कापड दाणदाण आपटत उजवीकडून फिरवत राहायच्या. एकजण ओळ म्हणणार, बाकीच्या ध्रुपद उचलणार, आणि ध्रुपदात बऱ्याचदा अर्थ नसलेले नुसते सूर-अक्षर असतात. एकाच कापडावर तेच गाणं दोनदा म्हणायचं नाही असा समज होता, त्यामुळे गाण्यांचा साठा मोठा लागायचा. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच हे बायकांचं स्वतःचं दालन, यात बुडालेले नवरे, भावांचे खून, फसवून गेलेले प्रियकर असं सगळं येतं. कागदावर फक्त शब्द उरतात, कापडाचा ठोका आणि ओळ कुठे तोडून दुसरीनं उचलली ते रेकॉर्डिंगमध्येच कळतं.

स्कॉटिश गायिका मार्जरी केनेडी-फ्रेझर गाणी गोळा करायला 1905 मध्ये एरिस्के बेटावर गेल्या, पुढे फोनोग्राफही वापरला, पण छापताना गाण्यांना पियानोची साथ लावून ती शहरी दिवाणखान्यात शोभतील अशी केली. गाणी गाजली खरी. गेलिकचे अभ्यासक जॉन लॉर्न कॅम्पबेल यांना मात्र हा गोडवा अजिबात पटला नाही, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. त्यांनी 1937 पासून बारा बेटावर एडिफोनवर, म्हणजे ऑफिसात पत्रं डिक्टेट करायच्या मेणाच्या सिलिंडरवाल्या मशीनवर, लोक जसे गातात तसंच रेकॉर्ड करायला घेतलं. त्यांची बायको मार्गारेट फे शॉ मूळची अमेरिकन, ती आधी साउथ उइस्टमध्ये दोन बहिणींच्या घरी सहा वर्षं राहून त्यांच्याकडून गाणी शिकलेली. 1938 मध्ये कॅम्पबेलनी कॅना बेट विकत घेतलं, 1981 मध्ये ते त्यांच्या संग्रहासकट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडला दिलं.

सिलिंडरचं एक दुःख आहे. 1940 च्या दशकात आयरिश फोकलोर कमिशनसाठी कॅलम मॅक्लीन इथे गोष्टी गोळा करत होते, तेव्हा मजकूर उतरवून झाला की पैसे वाचवायला मेण तासून तेच सिलिंडर पुन्हा वापरायचे. म्हणजे शब्द राहिले, आवाज गेले! 1951 मध्ये एडिनबरा विद्यापीठात स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं आणि मॅक्लीन तिथे टेप रेकॉर्डर घेऊन कामाला लागले, त्याच वर्षी अमेरिकेचे लोकगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स पण बेटांवर रेकॉर्डिंग करून गेले.

टेपमुळे गोष्ट सांगणाऱ्यांची कला तपासता आली. साउथ उइस्टचे डंकन मॅकडोनल्ड एकच लांबलचक गोष्ट वेगवेगळ्या वेळी जवळपास त्याच शब्दांत सांगायचे, वेगवेगळ्या वेळचे मजकूर शेजारी ठेवले की हे दिसतं.

बेटाबेटात फरकही ऐकू येतो. साउथ उइस्ट नि बारा ही बेटं कॅथलिक, लुइस कडक प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ), तिथे चर्चमध्ये परंपरेनं वाद्य नाही, एकजण स्तोत्राची ओळ सुरू करून देतो आणि सगळी मंडळी मागोमाग, पण प्रत्येकजण आपापल्या हरकती घेत, थोडा पुढेमागे. स्वरलिपीत हे नीट बसतच नाही, पहिल्यांदा ऐकताना तर लाटच अंगावर आल्यासारखं वाटतं.

हा खजिना बराच काळ कपाटात होता. 2010 मध्ये तोबर अन दुअलचस ही साइट आली, तिच्यावर स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज, बीबीसी आणि कॅना संग्रहातली हजारो रेकॉर्डिंग्ज फुकट ऐकता येतात. प्रत्येकाला सांगणाऱ्याचं नाव, गाव, साल आणि थोडक्यात सारांश दिलेला असतो, त्यामुळे गेलिक येत नसलं तरी काम भागतं. सुरुवात करायची तर बेटाचं नाव टाकून कापडाची गाणी शोधावीत, एकच गाणं दोन बेटांवरचं सापडलं तर लागोपाठ ऐकावं.